वणवा दारात येण्याआधी: कोकणातलं आपलं घर कसं वाचवायचं?

फेब्रुवारी लागला की कोकणातल्या सड्यांवरचं गवत वाळून पिवळं होतं आणि वणव्यांच्या बातम्या यायला लागतात. वन विभाग 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम धरतो. आंबा-काजूच्या बागा, गुरांची वैरण, गोठे आणि कधीकधी राहती घरंही या आगीत जातात.

मंडणगड, दापोली, खेड, चिपळूणपासून म्हसळा, श्रीवर्धनपर्यंत आपल्या अनेक मोहल्ल्यांत एक गोष्ट सारखी आहे. कमावती माणसं मुंबईत किंवा आखातात, गावच्या घरात वडीलधारी मंडळी, नाहीतर दाराला कुलूप. वणवा आला तर विझवायला हात कमी पडतात. म्हणून आग लागल्यावर धावण्यापेक्षा आधीची तयारी आपल्यासाठी जास्त गरजेची आहे. ही तयारी खर्चिक नाही. कोयती, झाडू, खराटा आणि दोन दिवसांची मेहनत एवढ्यात बरंच काम होतं.

घर पेटतं कसं?

आगीची मोठी भिंत चालत येते आणि घर गिळते, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तसं होत नाही. वाऱ्याबरोबर जळती पानं, काटक्या आणि ठिणग्या आगीच्या पुढे उडत येतात. त्या कौलांच्या फटीत, पन्हळीतल्या पातेऱ्यात, पडवीतल्या लाकडांवर पडतात आणि तिथे धुमसत राहतात. वणवा पुढे निघून गेल्यावरही घर पेटू शकतं.

नोव्हेंबर 2018 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव जवळजवळ पूर्ण जळालं. त्या वणव्यात 85 जणांचा जीव गेला. नंतरच्या फोटोंमध्ये घरांची राख दिसते, पण मधली कित्येक झाडं हिरवी उभी आहेत. झाड वाचलं आणि घर गेलं, कारण घराला चिकटून ठेवलेल्या वस्तूंनी ठिणगी धरली. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडेनामध्ये मस्जिद अल-तकवा अशाच वणव्यात जळून गेली, ती बातमी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल.

अमेरिकेच्या वन सेवेतले शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं. घर वाचेल की नाही हे मुख्यतः घर स्वतः आणि त्याच्या भोवतीची साधारण 100 फुटांची जागा ठरवते, असं त्यांच्या अभ्यासातून पुढे आलं. डोंगर आपल्या हातात नाही, पण ही जागा आहे.

सुरुवात घरापासून, मग बाहेर

पहिले 5 फूट. भिंतीला लागून जळेल असं काहीही नको. लाकडांची रास, शेणी, सुकी झापं, जुन्या चटया, रिकामे खोके, प्लास्टिकच्या खुर्च्या इथून हलवा. भिंतीलगत खडी, चिरा किंवा सारवलेली मोकळी जमीन असावी. पडवीवर झापांचा मांडव घातला असेल तर वणव्याच्या दिवसांत तो काढून ठेवलेला बरा. खूपच गरज असेल तर शेडनेटपेक्षा पत्रा चांगला.

5 ते 30 फूट. इथे झाडं चालतील, पण खाली पातेरा साचू देऊ नका. काजूच्या झाडाखाली पातेऱ्याचा जाड थर होतो, तो दर आठवड्याला झाडून घ्या. जमिनीपासून 6 फुटांपर्यंतच्या सुक्या फांद्या छाटा. खालचं गवत पेटलं तर आग याच फांद्यांवरून शिडीसारखी वर चढते. छपरावर आलेल्या फांद्या तोडा. माडाच्या सुकलेल्या झावळ्या वेळेवर उतरवा. गुरांच्या वैरणीची उडवी घराजवळ रचायची सवय असते. ती 30 फुटांच्या बाहेर, मोकळ्या जागी हलवा. एक मोठी उडवी करण्यापेक्षा दोन लहान, लांब लांब असलेल्या बऱ्या.

30 ते 100 फूट. इथलं गवत कापून ठेवा आणि झुडपांमध्ये अंतर राहू द्या. घर उतारावर असेल तर खालच्या बाजूला जास्त लक्ष द्या, कारण आग चढावर फार वेगाने पळते. सुक्या काट्याकुट्यांची वई असेल तर ती आगीला थेट अंगणापर्यंत आणते. घराजवळच्या भागात तरी तिच्याऐवजी चिऱ्याचा गडगा घाला. केळी, अळू यांच्यासारखी पाणी धरणारी झाडं या पट्ट्यात उपयोगी पडतात, पण सुकलेली पानं काढली नाहीत तर त्यांचाही फायदा नाही.

छप्पर आणि माळा

आपल्याकडे शाकारणी पावसाआधी करतात. वणव्याच्या दृष्टीने कौलांवर एक नजर जानेवारीतच टाकायला हवी. फुटलेली, सरकलेली कौलं बदला, पन्हळी साफ करा. कौल जळत नाही, पण खालचे वासे आणि रीपा जळतात. माळ्यावर पेंढा, जुने कपडे, कागद ठेवले असतील तर खाली उतरवा. झरोक्यांना साधारण 3 मिलिमीटर भोकांची लोखंडी जाळी बसवा. प्लास्टिकची मच्छरजाळी उष्णतेने लगेच वितळते.

घर बंद करून जाताना मेन स्विच बंद करा, गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर काढा, खिडक्या नीट लावा.

जाळरेषा काढताना

बागेभोवती गवत काढून केलेल्या मोकळ्या पट्ट्याला जाळरेषा म्हणतात. आमचं सांगणं एवढंच की हा पट्टा शक्यतो कापून करा, पेटवून नको. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की हातातली आग पळून जाते. मग आपण लावलेल्या आगीत शेजाऱ्याची कलमं जातात. राखीव जंगलात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम 1927 प्रमाणे गुन्हा आहे.

शब-ए-बरातच्या आधी कब्रस्तानची सफाई होते, तेव्हाही हीच काळजी घ्यायला हवी. गवत कापून बाहेर न्या, काडी लावू नका. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चारा चांगला येतो, हा समजही सोडायला हवा. जमिनीवरचा पालापाचोळा जळून गेला की पहिल्या पावसात माती वाहून जाते.

बंद घराची जबाबदारी कुणाची?

खरी अडचण इथे आहे. आजोबांच्या नावावरचं घर, चार भावांचे वारस, एक दुबईत, एक मुंब्र्याला. घर सगळ्यांचं, त्यामुळे सफाई कुणीच करत नाही. पण आग कुलूप बघून थांबत नाही. आपल्या अंगणातलं गवत पेटलं तर शेजारच्या घरात एकट्या राहणाऱ्या नानीलाही धोका होतो. शेजाऱ्याला त्रास होऊ न देणं हा आपल्या दीनचा भाग आहे, आणि त्यात आपल्या बंद घराचं अंगणही येतं.

मदिनेत एका रात्री एक घर माणसांसह जळालं, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी झोपण्याआधी घरातली आग विझवायची ताकीद दिली होती. ही हदीस सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये आहे. तवक्कुल ठेवायचा, पण खबरदारी घेऊन.

म्हणून भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजच ठरवा: मजुरी कोण देणार, गावात काम कोण बघणार. साफ झाल्यावर फोटो मागवा. हेच फोटो नुकसान झाल्यास पंचनाम्याच्या वेळीही कामाला येतील. गावच्या जमातीने जुम्याच्या नमाजनंतर एक दिवस ठरवून बंद घरांची यादी केली आणि तरुणांनी मिळून अंगणं साफ केली, तर पूर्ण मोहल्ला सुरक्षित होतो. शेजारच्या वाडीतल्या लोकांनाही सोबत घ्या, कारण वणव्याला वाडीची हद्द कळत नाही.

आग दिसली तर

• 101 किंवा 112 वर फोन करा. जंगलाच्या बाजूने आग असेल तर वन विभागाच्या 1926 या नंबरवरही कळवा.
• मशिदीच्या लाउडस्पीकरवरून गावाला सांगा.
• वयस्कर माणसं आणि लहान मुलं आधी बाहेर काढा. गुरांची दावी सोडा.
• वीज गेली की पंप बंद पडतो. म्हणून पिंपात पाणी आणि लांब पाइप आधीच तयार ठेवा.
• गवताची छोटी आग ओल्या फांद्यांनी झोडपून विझवता येते. ज्वाळा माणसाएवढ्या उंच झाल्या तर मागे फिरा. सुती कपडे घाला, नायलॉन अंगाला चिकटतं.
• वणवा गेल्यावर निदान दोन-तीन तास छप्पर, पन्हळ आणि माळा पुन्हा पुन्हा बघा.

या काही वर्षांत रमजान आणि ईद याच दिवसांत येत आहेत. आग विझवताना जिवाला धोका वाटला तर रोजा सोडायची मुभा आहे, त्याची कजा नंतर ठेवता येते. याबद्दल आपल्या आलिमांना आधीच विचारून ठेवा. आणि ईदला गावी जाणार असाल तर घर उघडल्यावर पहिल्या दिवशी खराटा हातात घ्या. पाहुणे यायच्या आधी भिंतीलगतचे 5 फूट तरी साफ होऊ द्या.