गोदीजवळचा चारचा चहा

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी कळंबला रेल्वे आली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा त्या दिवशी सुरू झाला आणि यवतमाळच्या कार्यक्रमातून पंतप्रधानांनी पहिल्या गाडीला हिरवा झेंडा दाखवला. तोवर चिंतामणीचं गाव आणि नागपूर-तुळजापूर रस्त्यावरचा थांबा एवढीच कळंबची ओळख होती. आता या गावातल्या माणसाला वर्ध्यापर्यंत रेल्वेने जाऊन तिथे विदर्भ एक्स्प्रेस पकडता येते. सुमारे साडेसातशे किलोमीटरचा प्रवास रात्रीत उरकून ती सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला (सीएसएमटी) पोचते. मुंबईहून गोव्याला, कोचीला, लक्षद्वीपला जाणारी पर्यटक जहाजं जिथून सुटतात तो धक्का या स्टेशनापासून वीस-पंचवीस मिनिटं चालण्याइतकाच दूर आहे.

क्रूझची सहल आता विदर्भातल्या मध्यमवर्गीय घरांतही ठरू लागली आहे. तिकीट काढलं की सल्ले सुरू होतात. बंदराच्या आसपास काही खाऊ-पिऊ नका, लुटतात. दुपारचा चहा चांगला हवा तर ताजमध्येच जावं लागतं. नाहीतर राहू द्या, जहाजावर सगळं फुकटच आहे. सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते, पण यातलं बरंचसं चुकीचं आहे आणि त्यापायी चार माणसांचं कुटुंब उगाच हजारो रुपये घालवतं किंवा दुपारभर चहावाचून बसतं.

पहिली चूक पत्त्यातच होते. मुंबईतलं बंदर म्हटलं की बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांसमोर गेटवे ऑफ इंडिया येतं. गेटवेवरून घारापुरीच्या आणि मांडव्याच्या लाँचेस सुटतात. मांडव्याची मोठी रो-रो बोट भाऊच्या धक्क्यावरून जाते. क्रूझचं मोठं जहाज लागतं ते बॅलार्ड पिअरला, इंदिरा गोदीला लागून. तिथल्या नव्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५मध्ये झालं. तिन्ही ठिकाणं एकाच किनाऱ्यावर असली तरी प्रत्येकाच्या आजूबाजूचा बाजार वेगळा आहे. गेटवेसमोरच्या कुलाब्यात पर्यटकांसाठीची दुकानं आणि पर्यटकांचे दर. बॅलार्ड पिअरच्या बाहेर मात्र बॅलार्ड इस्टेट, आणि ती पर्यटकांसाठी कधी नव्हतीच.

तिथल्या स्वस्त चहाचं मूळ याच गोष्टीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खोदताना निघालेल्या मातीची भर टाकून पोर्ट ट्रस्टने बावीस एकर जमीन तयार केली. १९०८ ते १९१४ या काळात तिथे जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याने एका धाटणीच्या दगडी इमारती उभ्या राहिल्या. गेटवेचा आराखडाही त्यांचाच. इथे जहाज कंपन्यांची, विम्याची, मालवाहतुकीची कार्यालयं आली. १९२८पासून फ्रंटिअर मेलही इथल्याच बॅलार्ड पिअर मोल स्थानकातून सुटू लागली. विलायतेच्या बोटीतून उतरलेला माणूस थेट गाडीत बसून पेशावरकडे निघायचा. ते स्थानक पुढे बंद झालं. कारकून, शिपाई, गोदीतला कामगार, कस्टमचा दलाल, वकील ही मंडळी राहिली, आणि त्यांना दुपारी चार वाजता चहा लागत राहिला.

महिन्याच्या पगारातून रोज दोनदा चहा पिणारं गिऱ्हाईक असेल तर दर आपोआप काबूत राहतो. ‘बंदराजवळ सगळं महाग’ ही समजूत विमानतळाच्या अनुभवावरून आलेली आहे. विमानतळाच्या आत अडकलेल्या प्रवाशाला पर्याय नसतो. टर्मिनलच्या इमारतीतही तसंच होऊ शकतं. पण बंदराच्या ग्रीन गेटच्या बाहेर पाऊल पडलं की प्रवासी एका जुन्या कचेरी-वस्तीत येतो. तिथली चहाची कटिंग दहा-पंधरा रुपयांत मिळते, आणि समोर उभा असलेला रोजचा माणूसही तेवढेच पैसे देत असतो.

अशी कटिंग देणारी टपरी जवळून बघण्यासारखी असते. स्टोव्हचा घरघराट, ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तीनदा वर येऊन तीनदा खाली बसलेला चहा, ठेचलेल्या आल्याचा वास, कापडी गाळणीतून हातभर उंचीवरून पडणारी धार. सहा ग्लास बसतील अशा तारेच्या पिंजऱ्यात ती कटिंग घेऊन पोऱ्या जिना चढतो आणि पाच मिनिटांत रिकामे ग्लास घेऊन परत येतो. कटिंग म्हणजे पातळ किंवा उरलेला चहा असं काही लोकांना वाटतं. तसं नाही. ग्लास अर्धा, चहा तोच, किंबहुना जास्त कडक. दिवसात चार-पाच वेळा पिणाऱ्याला पूर्ण कप नकोच असतो.

टपरीवर ‘भुकटी’ वापरतात म्हणून तिथला चहा हलक्या प्रतीचा, हाही असाच एक समज. त्या बारीक गोळीदार चहाला सीटीसी म्हणतात: पान चिरडायचं, फाडायचं, वळवायचं. विल्यम मॅकर्चर यांनी १९३०च्या दशकात आसामात हे यंत्र आणलं. अशा चहाचा अर्क लवकर उतरतो, रंग गडद येतो, दुधाखाली चव दबत नाही आणि थोड्या पत्तीत जास्त कप होतात. भारतात तयार होणारा बहुतांश चहा याच पद्धतीचा आहे. दूध-साखरेच्या चहाला अख्ख्या पानाचा महाग दार्जिलिंग वापरणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

आता ‘हाय टी’. बड्या हॉटेलांच्या फलकांवरून हा शब्द आपल्याकडे आला आणि तो उच्चभ्रूंचा चहा असा अर्थ घट्ट झाला. मूळ अर्थ जवळजवळ उलटा आहे. इंग्लंडात सरदार घराण्यांची दुपार चार-पाचची चहाची रीत वेगळी, तिचं नाव ‘आफ्टरनून टी’. बेडफर्डची डचेस ॲना हिने १८४०च्या सुमाराला ती रूढ केली असं मानलं जातं. दुपारचं जेवण आणि रात्री उशिराचं जेवण यांच्यामधली भूक भागवायला चहा, पाव-लोणी, केक. ‘हाय टी’ होता गिरणीत, खाणीत राबून संध्याकाळी घरी आलेल्या माणसाचा. मांस, बटाटे, पाव आणि त्यासोबत कडक चहा, म्हणजे खरं तर रात्रीचं जेवणच. बैठकीतल्या बुटक्या मेजाऐवजी जेवणाच्या उंच मेजावर व्हायचं म्हणून ‘हाय’, अशी त्याची एक उपपत्ती देतात.

ताज महाल हॉटेल १९०३पासून उभं आहे. तिथल्या सी लाउंजमध्ये खिडकीशी बसून समोरचं बंदर बघत चहा घेणं हा सुंदर अनुभव आहे, आणि ज्याला तो हवा त्याने जरूर घ्यावा. मात्र तिथला दर माणशी हजारांत जातो, आणि तो खिडकीचा, सेवेचा, पन्नास पदार्थांच्या मांडणीचा असतो. पाव, लोणी, केक आणि चहा हे डचेसचं मूळ चार पदार्थांचं ताट मुंबईत शतकभर सामान्य माणसाच्या खिशाला परवडलेलं आहे. इराण्याकडे.

इराणी हॉटेलांबद्दल घोटाळा इतका आहे की जरा थांबायलाच हवं. इराणी आणि पारशी एकच, असं सर्रास बोललं जातं. धर्म दोघांचा झरथुष्ट्री, पण पारशी हजारएक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले, तर इराणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द, केरमान भागातून दुष्काळ आणि छळ मागे टाकून आले. हाती भांडवल थोडं होतं. चहा, पाव, अंडी यांवर त्यांनी दुकानं थाटली आणि जातपात न विचारता कुणालाही बाकावर बसू दिलं. त्या काळातल्या मुंबईत ही फार मोठी गोष्ट होती. खेड्यातून आलेला गिरणी कामगार आणि हायकोर्टातला वकील एकाच संगमरवरी मेजावर बसून तोच चहा पीत.

‘इराणी चहा’ इराणहून आला हेही खरं नाही. इराणात चहा बिनदुधाचा पितात, अनेकदा दातांत साखरेचा खडा धरून. दूध आटवून केलेला जाड, गोड चहा हे इराण्यांनी मुंबईत येऊन शिकलेलं आणि मग आपलंसं केलेलं पेय. अजून दाट हवा असेल तर ‘पानी कम’ म्हणायचं, एवढं सांगितलं की पुरतं. सोबत ब्रुन मस्का. ब्रुन म्हणजे वरून कडक, आतून पोकळ-मऊ पाव. तो चिरून आत लोण्याचा थर देतात. चावला की कवच कडकन फुटतं आणि चुरा शर्टावर सांडतो. म्हणून तो चहात बुडवायचा. मग लोण्याचे पिवळे थेंब चहावर तरंगतात, आणि तो शेवटचा खारट-गोड घोट घेतल्याशिवाय ब्रुन मस्का खाल्ला असं म्हणता येत नाही. दात कुरकुरत असतील तर बन मस्का घ्यावा.

कुठे जायचं? बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया अँड कंपनी हे नाव सगळ्यांत आधी ऐकू येतं. १९२३चं हे ठिकाण प्रसिद्ध आहे ते बेरी पुलावसाठी. ते दुपारच्या जेवणाचं घर आहे. चारच्या सुमाराला तिथे आवराआवर होते, त्यामुळे चहासाठी साडेचारला पोचणारा बंद दार बघून परततो. फोर्टमध्ये कावसजी पटेल मार्गावर याझदानी बेकरी आहे, १९५०च्या दशकापासूनची. ब्रुन मस्का आणि चहा हीच तिची कीर्ती. धोबी तलावला मेट्रो सिनेमासमोर १९०४चं कयानी अँड कंपनी आहे. लाकडी वाकड्या पाठीच्या खुर्च्या, काचेच्या बरण्यांतली बिस्किटं, मावा केक. पोटाला भरीव हवं असेल तर सीएसएमटीसमोर कॅपिटॉल सिनेमाच्या इमारतीत मराठी माणसाचं आराम आहे, १९३९पासून, तिथला वडापाव आणि पीयूष. यांपैकी कुठेही चौघांचं कुटुंब काही शे रुपयांत तृप्त होऊन उठतं. मुंबईत एके काळी असे इराणी चौकाचौकांत होते. आता थोडेच उरलेत, आणि प्रवाशाचे ते काही शे रुपये तिथे पडावेत असं मनापासून वाटतं.

वेळेचं गणित मात्र पक्कं हवं. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट कचेरीच्या घड्याळावर चालतात. कामाच्या दिवशी चार ते साडेपाच हा तिथल्या चहाचा भर. रविवारी आणि बँकेच्या सुट्टीला हेच रस्ते ओस पडतात, टपऱ्या उठलेल्या असतात आणि अनेक दुकानांची शटर खाली असतात. जहाज रविवारी सुटत असेल तर सीएसएमटी किंवा धोबी तलावच्या बाजूलाच चहा उरकून मग ग्रीन गेट गाठावं. जहाज संध्याकाळी सुटत असलं तरी आत घेण्याची खिडकी त्याच्या कितीतरी आधी बंद होते. त्यामुळे तिकिटावरची चढण्याची वेळ बघूनच चहाची वेळ ठरवायची. सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं. पिशव्यांना कुलूप आणि हातात प्रवासाचं तिकीट लागतं.

बिलाबद्दलही एक गोष्ट माहीत असलेली बरी. मोठ्या हॉटेलात बिलाखाली ‘सेवा शुल्क’ लावलेलं दिसलं की ते सरकारी कर आहे असं समजून लोक भरतात. ते कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते आपोआप बिलात घालता येत नाही, ग्राहकाच्या मर्जीवर असतं. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये या सूचना उचलून धरल्या. जीएसटी हा खरा कर, तो साध्या उपाहारगृहात पाच टक्के असतो.

स्वच्छतेची भीती अगदीच निराधार नाही, फक्त ती भलत्या जागी धरली जाते. खळखळून उकळलेला चहा हा रस्त्यावरच्या सगळ्या पेयांत सुरक्षित म्हणावा असा. जपायचं ते ग्लास कोणत्या पाण्यात विसळलाय हे बघून, आणि चटणी, बर्फ, साधं पाणी यांच्यापासून. ग्लास नको म्हणून कागदी कप मागणं हा मात्र फारसा चांगला उपाय नव्हे. त्या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. गरम पेय त्यात पंधरा मिनिटं राहिलं तर शंभर मिलिलीटरमध्ये पंचवीस हजारांच्या आसपास सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात, असं आयआयटी खरगपूरच्या २०२०च्या अभ्यासात दिसलं. काचेचा ग्लास गरम पाण्याने विसळून मागावा. ‘भाऊ, जरा गरम पाण्यानं धुऊन द्या जी’ असं कळंबच्या सुरात म्हटलं तरी मुंबईचा चहावाला हसून देतो.

जहाजावरचं ‘सगळं फुकट’ हेही तपासून घ्यावं. क्वीन मेरी २ सारख्या जहाजावर साडेतीनला पांढरे हातमोजे घातलेले वाढपी चहा, सँडविच, स्कोन आणतात, आणि ते तिकिटाच्या पैशांतच असतं. इतर जहाजांवर मुख्य भोजनगृहातलं जेवण आणि ठरलेल्या वेळेचा चहा बहुधा तिकिटात येतो, पण वेगळ्या कॅफेतली कॉफी, खास उपाहारगृहं, थंड पेयं यांचे पैसे खोलीच्या खात्यावर चढत जातात आणि उतरताना एकदम समोर येतात. तिकिटासोबत आलेल्या कागदावर ‘समाविष्ट’ या शब्दाखाली काय लिहिलंय ते निघण्याआधी घरीच वाचलेलं बरं.

गोव्यात जहाज मुरगावला लागतं तेव्हा पुन्हा तोच प्रकार घडतो. चहा-फराळासाठी टॅक्सी करून लोक तीसएक किलोमीटरवरच्या पणजीला धावतात. वास्को शहर धक्क्यापासून अगदी जवळ आहे. बंदर, रेल्वे आणि बाजार यांच्यावर जगणारं गाव, त्यामुळे तिथेही रोजच्या माणसासाठीची साधी हॉटेलं आहेत. पातळ भाजी आणि ताजा पाव, मिरची भजी, केळ्याचे गोड बन आणि काचेच्या ग्लासात चहा. बाजारातल्या गर्दीत जिथे कामगार आणि भाजीवाल्या बायका बसलेल्या दिसतील तिथे शिरावं आणि जे त्यांच्या बशीत आहे तेच मागावं.