भुशाचा बंदोबस्त

हातरंध्याच्या पात्याखालून निघणारी ढलपी लांब, कुरळी आणि निरुपद्रवी असते. ती जिथल्या तिथे पडते, केरसुणीने गोळा होते आणि संध्याकाळी चुलीत जाते. परंतु तोच पृष्ठभाग विजेवर चालणाऱ्या सँडरने, मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्यांच्या गतीने घासला, म्हणजे लाकडाचे जे चूर्ण होते त्यातील जड भाग तेवढा खाली बसतो, आणि दहा मायक्रॉनहून बारीक असलेला, डोळ्यांना न दिसणारा अंश दीर्घकाळ हवेत तरंगत राहून कारागिराच्या श्वासाबरोबर बिनदिक्कत आत दाखल होतो. मुंबई-पुण्याच्या सदनिकांत प्लायवूड नि एमडीएफ कापणारे सुतार तोंडाला रुमाल बांधून काम करताना दिसतात. तो रुमाल भुशाला अडवतो, धुळीला नव्हे.

या धुळीचा उपद्रव केवळ शिंकांपुरता नाही, याचा दाखला इंग्लंडात सापडतो. बकिंगहॅमशायर परगण्यातील हाय विकम हे गाव खुर्च्यांच्या कारखानदारीसाठी प्रसिद्ध; तेथील लाकूडकामगारांत नाकाच्या पोकळीचा, एरवी अत्यंत दुर्मिळ असलेला कर्करोग विलक्षण प्रमाणात आढळतो, ही गोष्ट तेथील शल्यविशारद एस्मे हॅडफील्ड यांच्या ध्यानात आली, आणि डोनाल्ड ॲचेसन प्रभृतींसह त्यांनी १९६८ साली तिची साधार मांडणी केली. पुढे १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात बसवले.

धूळ उडवून लावण्याऐवजी ओढून घ्यावी, हा विचार आज स्वयंसिद्ध वाटतो; पण १९०१ साली ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याला तो स्वतःवर प्रयोग करून सिद्ध करावा लागला. उपाहारगृहातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून त्याने तोंडाने हवा ओढली, आणि रुमालाच्या खालच्या अंगाला उमटलेला धुळीचा डाग पाहून त्याची खात्री पटली, असे सांगतात. त्याचे यंत्र इतके अवजड होते, की घोडे जुंपून ते रस्त्यावर उभे करावे लागे आणि नळ्या खिडक्यांतून घरात सोडाव्या लागत. त्याच्या वंशातला, पिंपासारखा दिसणारा व्हॅक्यूम क्लीनर आता सुताराच्या यंत्राला जोडला जातो.

ही जोडणी दिसते तितकी सोपी नाही. व्हॅक्यूमचा पंखा लहान व वेग अचाट असल्याने त्याची ओढ जबर, दोन मीटर पाण्याचा स्तंभ तोलून धरण्याइतकी. मात्र त्यातून वाहणारी हवा मिनिटाला जेमतेम तीन-चार घनमीटर. शिवाय ओढणाऱ्या नळीचा अंमल फार आखूड असतो: तिच्या तोंडापासून तिच्याच व्यासाइतक्या अंतरावर हवेचा वेग सुमारे एक-दशांश उरतो. म्हणून धूळ जिथे जन्मते तिथेच तिला ताब्यात घेतले पाहिजे; वीतभर पुढे गेलेली धूळ गेलीच. सँडरच्या तळाची भोके आणि पॉलिश पेपरची भोके तंतोतंत जुळली, तर ही किमया विलक्षण साधते, आणि राउटरच्या पात्याभोवती झाकण असल्यास तेथेही साधते. टेबल सॉ किंवा जाडीचा रंधा यांचा ढीगभर भुसा मात्र या यंत्राच्या आवाक्याबाहेरचा. त्यांना चार इंची नळाचा, ओढ कमी पण प्रवाह तिप्पट-चौपट असलेला स्वतंत्र धूळसंग्राहक हवा. उलट, सँडरसारखे छोटे यंत्र अशा कमी ओढीच्या मोठ्या नळाला जोडणारेही फसतात, हे येथेच नोंदवून ठेवावे.

खरी कटकट तोंडांची. एका कंपनीचे मुख सत्तावीस मिलिमीटरचे, दुसरीचे छत्तीसचे, आणि व्हॅक्यूमची नळी अडीच इंची. तेव्हा मधे रबरी जोड बसवणे, किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा क्लॅम्पने आवळणे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. विजेचा हिशेबही पाहावा: चौदाशे वॉटची करवत आणि बाराशे वॉटचा व्हॅक्यूम मिळून अकरा अँपियरवर जातात, म्हणजे घरातल्या सहा अँपियरच्या प्लगचे ते काम नव्हे. कोरड्या हवेत साध्या प्लॅस्टिकच्या नळीत स्थिरविद्युत साठून हाताला झटका बसतो, हे निराळेच. त्यावर तोड म्हणून विद्युत वाहून नेणारी नळी मिळते.

या सगळ्या सरंजामात माझा सर्वाधिक जीव जडला तो एका शंकूवर. बारीक धूळ व्हॅक्यूमच्या फिल्टरवर लिंपली जाते आणि पाहता पाहता ओढ मंदावते. म्हणून वाटेत एका झाकणबंद बादलीवर शंकू बसवतात, ज्यात हवा कडेने शिरून भोवऱ्यासारखी फिरते, जड कण भिंतीला लागून खाली बादलीत घसरतात आणि हलकी हवा मधून वर निघून जाते. यात एकही फिरता भाग नाही. १८८५ साली जॉन फिंच याने त्याचे अमेरिकन पेटंट मिळवले. पुढे गिरण्या आणि लाकूड-वखारी यांच्या छपरांवर असे शंकू उभे राहिले. इंग्लंडातल्या एका वखारीवरच्या शंकूवरून जेम्स डायसन यास घरगुती, पिशवीविरहित व्हॅक्यूमची कल्पना सुचली, आणि ५१२७ नमुने बनवल्यावर ती साकारली. लाकडाच्या वखारीतून दिवाणखान्यात गेलेली ही युक्ती आता बादलीवर बसून पुन्हा सुताराच्या दुकानात रुजू झाली आहे. अतिसूक्ष्म कण मात्र शंकूलाही चुकवून जातात. त्यांच्यासाठी व्हॅक्यूमच्या पोटात उत्तम फिल्टर, आणि तोंडावर रुमालाऐवजी खराखुरा मास्क, हे लागतेच.

एका यंत्राशी मात्र ही जोडणी सर्वस्वी वर्ज्य: लोखंड कापणाऱ्या ग्राइंडरशी. त्याच्या ठिणग्या भुशाच्या पिंपात शिरल्या, तर निखारा आतल्या आत तासन्‌तास धुमसतो आणि दुकान बंद करून सगळे घरी गेल्यावर पेट घेतो. लोखंडासाठी निराळे पिंप ठेवावे, आणि भुशाचे पिंप रोज संध्याकाळी रिकामे करून दुकानाबाहेर पोचवावे.