‘इटर’चा खर्च, भारताचा वाटा

फ्रान्समधील कॅडाराश येथे उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या अणुसंमीलन प्रकल्पाचा सुमारे ४५ टक्के खर्च युरोप उचलतो. भारतासह उर्वरित सहा भागीदार प्रत्येकी सुमारे ९ टक्के. २००५ मध्ये सहभागी झालेला भारत आपला वाटा मुख्यतः यंत्रसामग्रीच्या रूपाने देतो. अणुभट्टीला थर्मॉससारखे वेढणाऱ्या ‘क्रायोस्टॅट’ या सुमारे ३,८०० टनी निर्वात पात्राचे भाग गुजरातेत हाजिरा येथे घडले. करदात्याचा पैसा देशातील कारखान्यांत खेळला, ही जमेची बाजू. वीज मात्र यातून मिळणार नाही! ५० मेगावॉट उष्णता देऊन ५०० मेगावॉट मिळविता येते का, एवढेच येथे पाहावयाचे आहे. त्यासाठीचे ड्युटेरियम-ट्रिटियम प्रयोगही २०२४ मधील सुधारित वेळापत्रकाने २०३९ वर गेले. तोवर दर अर्थसंकल्पात तरतूद मागावीच लागेल.