प्लेट नव्हे, पिना!

"क्लच गेलाय साहेब, गिअरबॉक्स उतरवावी लागेल." जुन्या गाडीच्या मालकाच्या पोटात गोळा आणणारे याहून दुसरे वाक्य नाही. मॉरिस मायनरच्या बाबतीत तर हे वाक्य निम्म्या वेळा घाईने उच्चारलेले असते, असे माझे मत आहे.

ॲलेक इसिगोनिसने आखलेली ही इंग्लंडची गुबगुबीत गाडी 1948 ते 1971 पर्यंत निघाली. 16 लाखांच्या वर. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने तिचीच 'बेबी हिंदुस्थान' केली होती, ती आमच्या पिढीला आठवत असेल. हिच्या क्लचला तेलाचा दाब नाही की वायर नाही. पेडलपासून एक रॉड, मग आडवा फिरणारा दांडा, त्याच्या लीव्हरपासून दुसरा रॉड, आणि तो क्लचच्या फोर्कला ढकलतो. सगळे पाटाखाली, चिखल-धुळीत उघडे. प्रत्येक सांध्यात एक पिन.

बँकेत तेहतीस वर्षे काढल्यामुळे मला हे प्रकरण लवकर कळते. ताळेबंद जुळत नसला की नवा माणूस मोठी रक्कम शोधतो. फरक बहुधा चार ठिकाणच्या किरकोळ रकमांचा असतो. इथेही एकेक पिन थोडी झिजते, दांड्याचा बुश ढिला होतो, इंजिनाखालचे रबर बसते. पायाने दाबलेले अंतर वाटेतच संपते. क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर कुरकुरतो.

आता पारख. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, तेव्हा तिथली थोडी कुरकुर ही त्या गाडीची जातच. म्हणून इंजिन संथ ठेवा, पेडल पुरते दाबून पाचेक सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. तरीही खरखरले तर क्लच सुटत नाही. मग गाडी भक्कम स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कधीही शिरू नका, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावे), इंजिन बंद करा आणि घरातल्या कुणाला तरी पेडल दाबायला बसवा. तुम्ही खालून पाहा. पेडल हलते पण पुढचा सांधा क्षणभर थांबून मग हलतो, तिथे चोर आहे.

पुष्कळजण नुसते रॉडच्या टोकाचे नट आवळून वेळ मारून नेतात. झीज तिथल्या तिथेच राहते. शिवाय पेडलची मोकळी चाल संपेपर्यंत आवळले, तर कार्बनचे रिलीज बेअरिंग सतत घासत राहते, क्लच घसरू लागतो. चढावर इंजिन ओरडते, गाडी मात्र रेंगाळते, ते हेच. पेडलवर पाय ठेवून चालवणाऱ्यांनाही ही शिक्षा आहे.

आमच्या शेजाऱ्यांची मायनर एका गॅरेजात गिअरबॉक्स उतरवण्याच्या बेतात होती. त्यासाठी आतले गालिचे, पत्र्याचे झाकण, सारे काढावे लागते. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने आधी खाली डोकावून पाहिले. तीन पिना नव्या, एक बुश लेथवर करून घेतला, रबर बदलले, शेवटी चाल लावली. काढलेल्या पिना त्याने कागदाच्या पुडीत परत दिल्या. शेजाऱ्यांनी एक माझ्या हातावर ठेवली. नख फिरवले तर मध्ये चांगली खाच लागत होती.