अस्सलपणाचा दाखला

मराठी नाटकमंडळी अमेरिकेच्या दौऱ्यास निघाली, की रंगभूषेच्या पेटीआधी कागदपत्रांची पेटी भरावी लागते. आणि तिच्यातील मूळ अर्ज नटाने करावयाचा नसून त्याला बोलावणाऱ्या तेथील यजमानाने किंवा मध्यस्थाने स्थलांतर खात्याकडे करावयाचा असतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. पर्यटनाच्या व्हिसावर जाऊन रंगमंचावर उभे राहणे निषिद्ध. ‘बिदागी घेतली नाही’ ही सबबही सहसा टिकत नाही.

१९९० च्या कायद्याने कलावंतांसाठी ‘ओ’ व ‘पी’ हे वर्ग निर्माण केले. असामान्य कीर्तीच्या कलावंतास ‘ओ-१’. परंतु आपल्या शाहिरास वा संगीत नाटकाच्या संचास सोयीचा पडतो तो ‘पी-३’, कारण तो कीर्तीपेक्षा कलेच्या सांस्कृतिक वेगळेपणाचा पुरावा मागतो. त्यासाठी जाणकारांची शिफारसपत्रे किंवा वृत्तपत्रांतील परीक्षणे जोडावयाची, आणि शिवाय तेथील कामगार संघटनेचा अभिप्राय मिळवावयाचा.

पण वेगळेपण म्हणजे निर्भेळपण काय? अर्जेंटिनातील एका वाद्यवृंदास, जो पूर्व युरोपातील ज्यूंच्या क्लेझमर संगीतात लॅटिन अमेरिकेचे ताल मिसळीत असे, लॉस एंजेलिसच्या स्कर्बॉल सांस्कृतिक केंद्राने पाचारण केले, तेव्हा असली मिश्र शैली कोणा एका संस्कृतीची कशी म्हणावी, असा आक्षेप काढून खात्याने अर्ज नामंजूर केला. २०१२ साली वरिष्ठ कचेरीने तो हुकूम फिरविला आणि संस्कृती ही एकाच देशाच्या सीमेत कोंडलेली असावी लागत नाही, असा पुढील अर्जांनाही लागू पडणारा निवाडा दिला. मला यात आपल्याच घरचा प्रश्न दिसतो. कारण कानडी आणि हिंदुस्थानी चालींवर पोसलेले अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ त्या पहिल्या अंमलदारापुढे गेले असते, तर त्याच्या अस्सलपणाचा दाखला कोणी द्यावयाचा?

अर्ज मंजूर झाला म्हणजे व्हिसा मिळाला असे नव्हे. मुंबईतील वाणिज्य दूतावासात मुलाखत व्हावयाची असते, आणि अखेरचा शब्द तिकडच्या विमानतळावरील अंमलदाराचा. २०२४ पासून एका अर्जात २५ च नावे बसतात. पडद्यामागील मंडळींचा अर्ज तर निराळाच, आणि त्यात त्यांचे काम तेथील कामगारास सहजी जमणारे नाही, हे पटवून द्यावे लागते. त्यामुळे ज्या प्रकाशयोजनाकाराचे नाव जाहिरातीत बारीक टाइपातही येत नाही, त्याच्या कौशल्याचे सविस्तर वर्णन प्रथम लिहिले जाते ते या सरकारी कागदावर.