एकहाती मासिक

नियमितपणे स्वतःचे लिहून ते स्वतःच वाचकांपुढे ठेवण्याचा मराठीतील ठळक नमुना म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’. 1874 च्या जानेवारीत पुण्यात सुरू झालेल्या या मासिकाचे सात वर्षांत 84 अंक निघाले. मजकूर जवळजवळ सगळा एकट्या शास्त्रीबुवांचा, आणि तोही बराच काळ सरकारी शाळेतली नोकरी सांभाळून! हात मात्र कोरा नव्हता. वडील कृष्णशास्त्री यांच्या ‘शालापत्रक’ या मासिकात तो आधीच बसला होता. मालेचा आरंभ मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीपासून झाला. विषय मोठा असला की तो अनेक अंकांतून चाले. इंग्रज लेखक डॉ. जॉन्सनवरचा निबंध तसाच. जॉन्सननेही 1750 ते 1752 या काळात ‘रॅम्बलर’ या नियतकालिकाचे 208 अंक बहुतांशी एकट्यानेच लिहिले होते.