घरी छोटा कॉम्प्रेसर घ्यायचाय? आधी टायर बघा, मग दुकानात जा



पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरचं मागचं चाक बसलं, की पंक्चरवाल्याकडे जाण्या-येण्यात अर्धा दिवस मोडतो. वाफसा काही तेवढा थांबत नाही. म्हणून घरी छोटा कॉम्प्रेसर असावा असं बऱ्याच जणांना वाटतं. विचार चांगला आहे. पण घाईत घेतला तर एक तर तो टायर भरत नाही, नाही तर दुसऱ्याच महिन्यात मोटर जळते.

आधी एवढं ठरवा की हवा कशात भरायची आहे. फक्त मोटारसायकल आणि सायकल असेल, तर दीड-दोन हजारांतला बॅटरीवर चालणारा बारा व्होल्टचा पंप पुरे. ट्रॅक्टर असेल तर मात्र हिशोब बदलतो.

दुकानदार पहिल्यांदा सांगतो, "आठ बार आहे भाऊ, 115 पीएसआय!" ऐकायला भारी वाटतं. पण ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला शेतात साधारण 12 ते 20 पीएसआयच लागतं. म्हणजे त्याला दाब कमी लागतो, हवा मात्र भरपूर. 13.6-28 साइजच्या टायरच्या पोटात अडीचशे लिटरच्या आसपास जागा असते. त्यात एक बार, म्हणजे साडेचौदा पीएसआय दाब करायचा तर आणखी अडीचशे लिटर हवा आत ढकलावी लागते. मिनिटाला तीस लिटर देणारा बारा व्होल्टचा पंप यात तापून बसतो. थोडी कमी झालेली हवा वाढवायला तो चालेल, पंक्चर काढल्यावर रिकामा टायर भरायला नाही.

आता टाकीचा हिशोब. 24 लिटरची टाकी आठ बारला भरली आणि दीड बारपर्यंत वापरली, तर दीडशे-एकशेसाठ लिटर हवा मिळते. म्हणजे एक मागचा टायरही पुरा होत नाही, मोटर पुन्हा सुरू होणारच. 50 लिटरच्या टाकीतून सव्वातीनशे लिटरच्या आसपास मिळते, त्यात एक टायर आरामात भरतो. मोटारसायकलचं विचाराल तर 24 लिटरची भरलेली टाकी लाइट गेल्यावरही चार-पाच चाकं काढून देते.

म्हणून दुकानात पीएसआय विचारण्याआधी हे विचारा: "मिनिटाला प्रत्यक्षात हवा किती देतो?" हा आकडा सीएफएममध्ये सांगतात. एक सीएफएम म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटर. खोक्यावर बऱ्याचदा पिस्टनचा हिशोबी आकडा छापलेला असतो, प्रत्यक्ष हवा त्याहून कमी मिळते. प्रत्यक्षातल्या आकड्याला एफएडी म्हणतात, तोच मागा. खरे तीन सीएफएम मिळाले तरी मागचा टायर तीन-चार मिनिटांत उभा राहतो. एचपीचंही तसंच. एक एचपी म्हणजे 746 वॅट. खोक्यावर दोन एचपी आणि मोटरच्या पाटीवर 1100 वॅट असेल, तर ती दीड एचपीच समजा.

ऑइल-फ्री की ऑइलवाला? ऑइल-फ्री हलका असतो, तेल बघायची कटकट नाही, ट्रॉलीत आडवा-तिडवा नेला तरी काही सांडत नाही. अधूनमधून वापरायला तो बरा. ऑइलवाला जड असतो, सरळच ठेवावा लागतो, तेलाची पातळी बघावी लागते (कॉम्प्रेसरचंच तेल घाला, इंजिन ऑइल नको), पण नीट ठेवला तर जास्त टिकतो. बेल्टवाल्याचा पंप कमी फेऱ्यांवर फिरतो, म्हणून कमी तापतो आणि आवाजही कमी करतो. आमचं मत विचाराल तर घरी एक ट्रॅक्टर असेल तर 50 लिटर, दीड ते दोन एचपी, सिंगल फेज. तीन-चार घरांत मिळून घेणार असाल तर बेल्टवालाच घ्या. ट्रॅक्टर नसेल तर 24 लिटर ऑइल-फ्रीच्या वर पैसे घालू नका.

थ्री फेज स्वस्त मिळाला तरी घरासाठी नको. शेतीची लाइट ठरलेल्या पाळीत येते, आणि पंक्चर काही पाळी बघून होत नाही.

विजेचं नीट वाचा, कारण मोटरी इथंच जळतात. दीड एचपीची मोटर चालताना सहा-सात अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. व्होल्टेज कमी असेल तर ती नुसती गुणगुणते आणि फिरत नाही. तसं झालं की लगेच बंद करा, वाट बघू नका. 16 अँपिअरचं सॉकेट, अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि अर्थिंग हवंच. ट्रॅक्टर लांब उभा असेल तर वायर वाढवू नका, हवेचा पाइप वाढवा. मशीन बोर्डाजवळ राहू द्या. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर लावून बघण्याचा प्रयोग तर नकोच.

आणखी एक जुगाड गावोगाव दिसतो: जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि त्याला गॅसची किंवा भंगारातली टाकी. हे करू नका. टाकी आतून गंजलेली बाहेरून दिसत नाही, आणि दाबाखाली फुटली तर पत्रा बॉम्बसारखा उडतो. विकतच्या टाकीलाही हीच भीती आहे, म्हणून काम झालं की खालचा नळ उघडून साचलेलं पाणी काढा. पावसाळ्यात ते बरंच निघतं. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून बघा, हवा सुटली पाहिजे. गळक्या टाकीला वेल्डिंग मारून घेऊ नका, टाकी बदला.

टायर भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणा, विशेषतः चाकात पाणी भरलेलं असेल तर. नाही तर गेजमध्ये पाणी जातं आणि दाबही चुकीचा दिसतो. "थोडी जास्त राहू दे" म्हणून फुगवलेलं चाक नांगराला घसरतं, डिझेल खातं. ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेला आकडा धरा.

कॉम्प्रेसर घरी आला की फवारणीचं तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकायचं कायमचं बंद करा. आधी पाण्याने धुवा, मग उलट्या बाजूने हवा मारा, डोळ्याला चष्मा आणि हातात मोजे घालून. ट्रॅक्टरचा कोरडा एअर फिल्टर आतून बाहेर, कमी दाबाने झटका. जोरात मारलं तर कागद फाटतो आणि धूळ थेट इंजिनात जाते. अंगावरची धूळ उडवायला मात्र हवा वापरू नका, पोरांच्या हातात गन तर अजिबात देऊ नका. डोळा जातो, कानाचा पडदा फाटतो.

खरेदीआधी दोन दुकानांतून जीएसटीसह लेखी कोटेशन घ्या आणि दुरुस्ती तालुक्यात होते का ते विचारा. ठरत नसेल तर ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरच्या साइजचा आणि घरच्या मीटरबोर्डाचा फोटो याच नंबरवर पाठवा.